धुरपताबाईंचे रिकामे हात

आमच्या हिंगणीत वांगी-टोमॅटो पिकवणाऱ्या धुरपताबाई भजनाला उभ्या राहिल्या, की खंजिरी अगदी गालाशी धरतात. डोळे मिटतात. मग वाफ्यात वाकलेली ती बाई कुठे जाते कोण जाणे. पाण्याखालून चालल्यासारखी त्यांची मान नुसती डोलत राहते.

मागच्या हिवाळ्यात त्यांचा घसा बसला, तो पुरता सुटलाच नाही. आवाज उरला, पण धुक्यातल्या बोर धरणासारखा. आहे हे ठाऊक, दिसत मात्र नाही. देवळीच्या कार्यक्रमात मागे बसलेल्यांना एक शब्द कळला नाही.

"आता कोकिळाले पुढं उभी करा," त्या स्वतःच म्हणाल्या.

त्यांच्या मागे गाणारी कोकिळा ऐकेना. शेवटी ठरलं, भाड्याच्या भोंग्यावर भिस्त नको, भजनी मंडळाचा स्वतःचा, माइकचे आवाज कमी-जास्त करणारा मिक्सर घ्यायचा. त्यानेही जमलं नाही, तर मात्र कोकिळा.

वर्ध्याच्या दुकानात आम्ही तिघी गेलो. कोकिळाने थेट मोठ्या, लुकलुकत्या मिक्सरवर बोट ठेवलं. "आपण अकरा जणी. याले बारा माइक लागतात. कोणी रुसणार नाई."

दुकानातला निकेश हसला. "माइक किती आहेत, काकू?"

"दोन. अन् पेटी."

"मग चार जागांचा पुरे. पिशवीत मावते."

"भाजीच्या?" धुरपताबाईंनी विचारलं आणि पिशवीतून खंजिरी काढली.

निकेशने छोटा मिक्सर जोडला. त्या गाऊ लागल्या, त्याने बटन फिरवलं. आवाज वाढला, पण गालाशी धरलेल्या खंजिरीचा. मोठा मिक्सर जोडला, तर खंजिरी आणखीच खणखणली.

"माह्यापेक्षा खंजिरीच जास्त गाऊन राह्यली," म्हणत त्या स्टुलावर बसल्या. "राहू दे वं कोकिळा. तूच म्हणजो."

कोकिळाने हात पुढे केला. "खंजिरी दे इकडं."

"काऊन?"

"दे त, मावशी."

"तिच्याबिगर मले गाता येते काय?"

"कधी गाऊन पाह्यलं?"

कोकिळा खंजिरी घेऊन दुसऱ्या माइकपाशी, पार दाराजवळ गेली. निकेशने पुन्हा छोटा मिक्सर लावला. एका बटनाने खंजिरी खाली नेली, दुसऱ्याने गाणं वर आणलं. धुरपताबाई रिकाम्या हातांनी उभ्या. हातांचं काय करावं, ते कळेना. पहिली ओळ त्यातच हुकली. मग बोटं आपोआप पदराच्या काठावर ठेका धरू लागली आणि डोळे मिटले.

पातळ, जरा खरखरीत, पण एकेक शब्द वेगळा असा आवाज दुकानभर पसरला. उन्हात धूळ तरंगत होती. वाटलं, तीही याच लयीत चालली आहे. निकेशचा हात बटनावर तसाच राहिला.

परतीच्या बसमध्ये छोटा मिक्सर भाजीच्या पिशवीत, धुरपताबाईंच्या मांडीवर होता. सेलू मागे पडलं. खिडकीबाहेर कपाशी पांढरी होत चालली होती. त्यांची बोटं पिशवीवर हळूहळू वाजत होती.

"कोकिळे," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "गिरडच्या कार्यक्रमाले खंजिरी हळू वाजवजो. मी पुढं उभी राहीन."