एका गठ्ठ्याला एक पदार्थ

सरांची कागदपत्रं संगणकावर आणायचं काम मी घेतलं, तेव्हा माझा नवरा म्हणाला, "निवृत्त झालीस तरी तुला फायली सुटत नाहीत." खरंच होतं ते. माझी सगळी नोकरी एका सरकारी प्रयोगशाळेच्या ग्रंथालयात गेलेली. सर तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. परदेशी गेलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी पानांचे फोटो घेणारं यंत्र पाठवलं आणि ते चालवायला मला धाडलं. जे. पी. नगरहून बनशंकरीला मी रोज रिक्षाने जाऊ लागले.

हॉलमध्ये भिंतीला लागून गठ्ठे रचलेले होते. व्याख्यानांची टिपणं, पत्रव्यवहार, हॉटेलच्या बिलांच्या पाठीवर खरडलेले विचार. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, ब्रशने धूळ झटकायची, पान काचेखाली सरळ ठेवायचं आणि बटण दाबायचं. सर शेजारी वेताच्या खुर्चीत बसून तारखा सांगायचे. वय झालेलं, पण स्मरणशक्ती लख्ख. मी वर्ष चुकीचं टाइप केलं की शाळकरी पोरीला दटावावं तसं दटावायचे. मीही काही गप्प बसणाऱ्यातली नाही. आमचं छान जमलं.

पहिला गठ्ठा संपला त्या दुपारी सरांनी चहात साखर नको म्हटलं. दुसरा संपल्यावर पोळी बंद झाली. मधुमेह असेल, असं मी धरून चालले. मग भात गेला आणि सरांच्या पत्नीने, काकूंनी, मला स्वयंपाकघरात ओढलं. काकू बेळगावकडच्या, लग्नापासून इथेच राहून बोलण्यात कानडी मुरलेलं.

"तुला कळलं न्हाई काय ग? एक गठ्ठा झाला की एक पदार्थ सोडतात. सगळे झाले की पाणीबी सोडणार. मला आधीच सांगून ठेवलंय."

प्रायोपवेशन. शब्द मला माहीत होता. तो असा कुकरच्या शिट्टीत समजून घ्यावा लागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. तशीच हॉलमध्ये गेले आणि म्हटलं, "सर, हे काय चालवलंय तुम्ही?"

"काम संपलं की निघायचं. यात रागावण्यासारखं काय आहे?"

"मग मी कामच थांबवते."

"थांबवा. मी आजपासूनच सगळं सोडतो," ते शांतपणे म्हणाले.

"आणि काकूंचं काय?"

त्यांनी पुढचा कागद माझ्याकडे सरकवून त्यावरची तारीख सांगितली. मला त्यांचा इतका राग आला की हात धुवायच्या निमित्ताने मी उठून गेले.

येलहंक्याहून त्यांची मुलगी आली, भांडली, रडली. डॉक्टर येऊन गेले. दोघांनाही सरांनी आवाज न चढवता वादात हरवलं. मुलगी गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "तू स्वल्प सावकाश कर की ग. तेवढंच आपल्या हातात हाय."

मी सावकाश करू लागले. कामचुकार लोकांना जन्मभर झापत आलेली मी, आता रोज नवी सबब शोधू लागले. पान तिरकं आलं, पुन्हा घेऊ. उजेड कमी पडला. संगणक अडकला. वीज गेली की मला आनंद व्हायचा. सर सगळं बघत होते, तरी मागितलं ते पान पुन्हा हातात द्यायचे. पावसाळा गेला, थंडी आली, शेवटचा गठ्ठा अर्ध्यावर होता. मी मनातून स्वतःवर खूश होते.

सरांच्या ताटातून गेलेलं मात्र परत येत नव्हतं. उरलं होतं ते वाटीभर ताक. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरायचं. वेताची खुर्ची हाडांना टोचायची म्हणून काकूंनी त्यात रजई घातली, मग दुसरी घातली. सकाळी घंटा वाजवल्यावर आतून पावलं ऐकू येईपर्यंत मी श्वास रोखून धरायची. सरांच्या तारखाही हरवू लागल्या. एकदा त्यांनी स्वतःचंच टिपण हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि मला विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" मी सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एकदा काकू त्यांना चमच्याने ताक पाजत होत्या. घोट उतरेना. ताक हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं. सरांनी काकूंकडे पाहिलं, त्या नजरेत वादबिद काही नव्हतं. नुसती भूक होती. मी घाईघाईने मान फिरवली आणि सवयीने म्हणाले, "हे पान जरा तिरकं आलंय, पुन्हा घेते."

काकूंनी वाटी खाली ठेवली. पदराने सरांचं तोंड पुसलं, उठून माझ्यापाशी आल्या आणि उरलेला गठ्ठा स्वतःच उचलला.

"तिरकं असू दे," त्या म्हणाल्या. "आता भरभर कर. आपण दोघींनी आणि किती उपाशी ठेवायचं त्यांना?"

काकू एकेक पान काचेखाली ठेवू लागल्या. मी बटण दाबत राहिले.