एकाच मुहूर्ताच्या दोन नवऱ्या

शांताक्का लिफ्टमध्ये शिरली की बायका भिंतीला चिकटून उभ्या राहत. समोरचीच्या निऱ्या बिघडलेल्या दिसल्या, तर ओळख नसली तरी ती सरळ हात घाली. आमची पहिली भेट तशीच. माझ्या निऱ्या ओढून म्हणाली, "अय्यो, ही साडी आहे की चुरगाळलेला पेपर?"

आणि मी कोण? मुलाकडे बंगळुरातल्या महादेवपुऱ्यात राहायला येऊन, लग्नात नवऱ्या मुलींना नऊवारी नेसवण्याचा धंदा काढलेली बाई!

अक्काचं मराठी घराणं इथेच पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. ती म्हणे, "आपण दोघी मिळून करू गं, पुणेकरीण. एकटीनं स्वल्प कठीण. लग्नं सगळी एकाच मुहूर्ताला, आणि तुला हात दोनच."

"माझा हात कोणाला यायचा नाही, अक्का," मी ऐटीत सांगे. अठ्ठावन्न वर्षांची घोडी, पण अक्कल अजून दुधाच्या दातांची. कार्डावर नावाखाली 'संस्थापक' छापून घेतलं होतं. संस्थेत दुसरं कुणी नव्हतं.

मग वैशाखात एकाच सकाळी दोन लग्नं घेतली. एक व्हाइटफील्डला, एक सर्जापूर रोडला; मुहूर्त दोन्हीकडे साडेदहाचा. व्हाइटफील्डची नवरी सहाला तयार असणार होती. सात वाजले तरी बाईसाहेब केशरचनेतच. तेवढ्यात दुसरीच्या आईचा फोन: "अहो, मुलगी गाऊनवर बसलीय! आहात कुठे?" त्या पोरीचं लग्न आणि माझं नाव, दोन्ही टांगणीला. ऐट गिळली आणि अक्काला फोन लावला.

"अक्का, सर्जापूर रोडला जाशील?"

"आता आठवली होय अक्का? सरी, जाते. पत्ता पाठव. आणि रडू नको, तिथल्या नवरीच्या शालूवर डाग पडतील."

सुनेच्या स्कूटरवर मागे बसून ती गेली. मी ट्रॅफिकमधून पोचले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. नवरीला चहूबाजूंनी न्याहाळलं. मेली एक खोट सापडेना. तिची आई माझा हात धरून म्हणाली, "तुमची विद्यार्थिनी छान तयार झालीय हो!"

सत्तर वर्षांची विद्यार्थिनी पंगतीत जेवत होती. मी शेजारी टेकले.

"मी शिकवलं तुला? असं सांगितलंस?"

"मग काय सांगू, तू कबूल करून आली नाहीस?" ती बोटं चाटत म्हणाली. "आणि ऐक, ह्या नवरीच्या नात्यातली तीन लग्नं घेतलीत मी. तिन्ही एकाच मुहूर्ताला. कर आता एकटीनं."

मी तिच्या पानातली जिलबी उचलून तोंडात टाकली. आमच्या भागीदारीचा करार तेवढाच.