पोपटी आणि बाबांचं नाक

बाबांनी सगळी नोकरी धाटावच्या एका केमिकल कंपनीत काढली, तीही बरीचशी नाकाच्या जोरावर. सडक्या अंड्यासारखा वास मारणारा एक विषारी वायू तिथे अधूनमधून गळायचा. भोंगा वाजायच्या आधी तो बाबांना कळायचा. त्या वायूला शिव्या घालत त्यांनी मला शिकवलं आणि मी पेणच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवू लागले.

आपला मेंदू तोच वायू स्वतः तयार करतो, अगदी कणभर, पेशींना निरोप पोचवायला आणि त्यांना जपायला, हे वाचून मला भलताच आनंद झाला. कंपवातात त्याचा काही उपयोग होतो का, हे प्राण्यांवर तपासताहेत म्हणे. बाबांचा उजवा हात वर्षभर थरथरत होता आणि डॉक्टरचं नाव काढलं की ते उठून परसात जात. म्हटलं, या वायूच्या निमित्ताने तरी विषय काढावा.

जानेवारीत रोह्याला घरच्या शेतात पोपटी लावली. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि भांबुर्ड्याचा पाला भरलेलं मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. पोपटी झाली हे बाबा वासावरून सांगणार. त्यांच्या हुकमाशिवाय मडक्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

मी जाळाशेजारीच व्याख्यान झोडलं. बाबा हसले.

"म्हंजे माझ्या डोक्यात पन कंपनी हाय? मंग पगार कोन खातंय गो?"

"बाबा, या आजारात कधीकधी हाताच्या आधी वास जातो."

"माझा? अख्ख्या धाटावला विचार जा."

एव्हाना करपल्याचा वास सगळ्या शेतात पसरला होता. आई माझ्याकडे बघत होती, मी आईकडे. बाबा जाळाच्या सगळ्यात जवळ बसलेले.

"थांबा, अजून वास नाय आला."

शेवटी आईनेच मडकं उलथलं. शेंगांचा कोळसा झाला होता. बाबांनी एक शेंग नाकाशी धरली. पुन्हा धरली.

"तो गॅस लय झाला का नाक मरतं," ते म्हणाले. "वास थांबला का पळायचं. शिफ्टच्या नव्या पोरांना मीच शिकवायचो." शेंग त्यांच्या हातात थरथरत होती. "कवा नेतेस डॉक्टरकडं?"

वर्षभर मी याच वाक्यासाठी भांडत होते. ते ऐकलं तेव्हा मात्र वाटलं, बाबांनी नेहमीसारखं उठून परसात जावं.