बाळंतिणीचं पाणी

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकेल. माझी शाळा चौथीतच सुटली. पण वरच्या मजल्यावरच्या कानडी अक्कांबद्दल लिहावंसं वाटतं.

कुणी ठामपणे काही बोललं की अक्का मान तिरकी करून विचारतात, "हौदा? खरंच का? कशावरून?" स्वतः मात्र मंगळवारी नखं कापत नाहीत. मी टोमणा मारला, "आणि हे कशावरून?" त्या हसल्या. "याला कारण नाही गं. म्हणून दुसऱ्याला सांगत नाही."

माझी सून बाळंत झाली, तेव्हा मी तिला घोटभरच पाणी द्यायचे. तिचे ओठ फुटले. अक्कांनी विचारलं, "पाणी का नाही?"

"आमच्यात देत नाहीत. पोट सुटतं."

"मीही तेच मानायचे. माझ्या मुलीला बाळंतपणात लघवीला आग व्हायला लागली, तेव्हा डॉक्टरीणबाईंना विचारलं. दूध पाजणारीला पाणी जास्तच लागतं म्हणाल्या, मला पटलं. पाण्याने पोट सुटतं कशावरून, ते कारण सांग, पटलं तर गप्प बसते."

मी ओरडले, "आमच्या घरात बोलू नका!"

"सरी, बरं," म्हणून त्या गेल्या. सकाळी पुन्हा दारात. "कारण आठवलं का गं?" त्या खरोखरच ऐकून घ्यायला आल्या होत्या. माझी मान वर होईना.

मी तांब्या भरून सुनेपुढे ठेवला. तिने आधी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "आई, घेऊ?"