गव्हाणीतली राजाराणी

शनिवार, ६ डिसेंबर १९५८. हजर: मदर, शिपाई अंतोणीअण्णा, चित्रकलेच्या अक्का आणि यादी लिहायला मी. स्थळ: शाळेचा मोठा व्हरांडा. विषय: नाताळची मांडणी. अक्का म्हणाल्या, पायऱ्या सात हव्यात. मदर म्हणाल्या, येशू गोठ्यात जन्मला आणि गोठ्याला पायऱ्या नसतात. अक्का म्हणाल्या, मग मागच्या मुलींना दिसणार कसं. पायऱ्या सात ठरल्या.

बेथलेहेम हे गाव बंगळूरच्या बसवनगुडीपासून फार तर तीन बसथांब्यांवर आहे, अशी ठाम समजूत असलेली बाई मी आयुष्यात एकच पाहिली, ती म्हणजे आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या अक्का. कँटोन्मेंटमधली आमची शाळा कॅथलिक सिस्टरांची, मदर त्यांच्या प्रमुख. मी गणित शिकवायची आणि शाळेच्या सामानाची नोंदवही सांभाळायची. अक्का चित्रकला शिकवायच्या आणि वर्गावर्गांतले धर्माचे फलक सजवायच्या: जूनमध्ये येशूचं पवित्र हृदय, ऑक्टोबरात जपमाळ, डिसेंबरात येशूजन्माची गव्हाणी, मग उपवासकाळ आणि ईस्टर. शिक्षकांच्या खोलीत घरी मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. दोघींची घरं कित्येक पिढ्यांपासून बंगळूरची, म्हणून आमच्या मराठीत निम्मं कन्नड होतं आणि ते आम्हाला कधी जाणवलं नाही. अक्का माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, पांढऱ्या लुगड्यातल्या, उंच आणि काटकुळ्या. त्यांच्या केसांत फुलाच्या जागी कायम एक पेन्सिल खोचलेली असे आणि ती शोधण्यात त्यांचा रोजचा पहिला तास जात असे. त्या मला नावानं कधीच हाक मारत नसत. 'यादीबाई' म्हणत.

त्यांच्या कामाची पद्धत अशी की बायबलातला कुठलाही प्रसंग समोर आला की त्या पहिल्यांदा त्यातल्या माणसांची सोय बघत. नोहाच्या जहाजाचा फलक केला तेव्हा हत्तींच्या जोडीवर झूल, कपाळावर पट्टा, पाठीवर अंबारी. मदरनी विचारलं, पुरात बुडणाऱ्या जगातून निघालेल्या हत्तींवर अंबारी कशाला. अक्का म्हणाल्या, "एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेत, तसेच कसे पाठवू?" उपवासकाळात चर्चमध्ये मूर्ती जांभळ्या कापडानं झाकतात, म्हणून फलकही झाकायचा अशी सूचना आली. एका दुपारी मी वाऱ्यानं उडालेलं कापड नीट करायला गेले, तर खाली पूर्ण रंगवलेलं चित्र. बाग, झरा, झाडावर पोपट. मी म्हटलं, "अक्का, हे कुणी बघणारच नाही." त्या म्हणाल्या, "झाकलंय म्हणून खाली काहीच नसावं असं थोडंच आहे गं?" पुढे चाळीस दिवस मधल्या सुट्टीत मुली रांग लावून त्या कापडाचा कोपरा उचलून आत बघत होत्या. शाळेतला सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला फलक तोच, असं माझं मत आहे.

जपमाळेच्या फलकासाठी त्यांनी मणी म्हणून सुपाऱ्या वापरल्या. मी मोजून दिल्या, एकोणसाठ. आठवड्यानं पुन्हा मोजल्या तर बावन्न. अंतोणीअण्णांचा तोंडात विडा घोळवत उभं राहण्याचा शिरस्ता मला ठाऊक होता, म्हणून मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते अक्कांना म्हणाले, "स्वल्पच घेतल्या, अक्का. प्रत्येक घेताना एकेक प्रार्थना म्हटली." अक्कांनी विचार केला आणि म्हणाल्या, "मग माळ त्यासाठीच असते की." माझ्या वहीतल्या त्या सात सुपाऱ्यांपुढे आजही प्रश्नचिन्ह आहे.

पण अक्कांचं खरं राज्य म्हणजे गव्हाणी. आमच्या म्हैसूर भागात नवरात्रात घरोघर पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. पायऱ्या विषम हव्यात, वाटीत नाचणी पेरून तिचे हिरवे कोंब भोवती ठेवायला हवेत, दर वर्षी एक तरी नवी बाहुली यायला हवी, आणि सगळ्यांत वर रक्तचंदनाची राजाराणीची जोडी हवी, जी मुलीला लग्नात माहेरहून मिळते. हे सगळे नियम अक्कांनी जसेच्या तसे बेथलेहेमला लागू केले. गोठ्याभोवती नाचणीचं शेत. खालच्या पायऱ्यांवर मेंढपाळ, आणि मग एकेक वर्षाची एकेक नवी भर: मोगऱ्याचे गजरे विकणारी, नळावर घागर लावून भांडणाऱ्या दोघी, पोस्टमन. पोस्टमन कशाला, असं मी विचारलं तर उत्तर आलं, "बाळ झाल्याचं आजोळी कोण कळवणार?" बाळाला बघायला येणाऱ्या तीन राजांच्या भेटींचाही त्यांनी असाच विचार केला. एक सोनं, दुसरा ऊद, आणि तिसऱ्याची भेट काय, ते अक्कांना कळेना. मी शब्दकोश पाहून सांगितलं की गंधरस म्हणजे झाडाचा एक प्रकारचा डिंक. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या राजाच्या हातात पितळी डबा आणि डब्यात वाटाण्याएवढे डिंकाचे लाडू. "बाळंतिणीला दुसरं काय नेणार?" त्यांना वाटलं, हे उघडच आहे. मदर त्या राजापुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इतक्या वर्षांत आईसाठी काही आणणारा हा पहिलाच." लाडू राहिले.

आणि सगळ्यांत वर, गोठ्यात, मरिया आणि योसेफ म्हणून उभी होती ती अक्कांच्या स्वतःच्या लग्नातली राजाराणी. राणीला निळ्या रेशमाची ओढणी, राजाच्या मुकुटावर तपकिरी कापडाचं मुंडासं. त्या दोघांची हकिगत मला कळली ती सामानावर क्रमांक चिकटवताना. शाळेतल्या प्रत्येक वस्तूला क्रमांक हवा, हा माझा नियम. मी जोडी उलटी करून तळाशी ८७ आणि ८८ चिकटवत होते. अक्का म्हणाल्या, "लाव, लाव. लग्नात मलाही असंच कुणाच्या तरी वहीत चढवलं होतं." मग नाचणीला पाणी शिंपडत सहज सांगावं तसं सांगितलं. लग्नानंतर दोन वर्षांत यजमान गेले. सासरी त्यानंतर त्यांना बाहुल्यांच्या पायऱ्यांना हात लावू देत नसत. नवरात्रात सुवासिनी यायच्या, अक्का आतल्या खोलीत बसायच्या आणि त्यांची राजाराणी ट्रंकेत. "इथं आले तर सगळ्याच पांढऱ्या कपड्यांतल्या," त्या सिस्टरांबद्दल म्हणाल्या, "आणि बाहुली मांडायला कुणाची ना नाही. म्हटलं, चला, या दोघांना बाहेर काढू. वर्षातून तीन आठवडे तरी माणसांत येतील."

मी म्हटलं, "मग या शाळेच्या वहीत नकोत. तुमच्या आहेत. क्रमांक काढते."

"राहू दे गं आता. चिकटवलेस ना? पुढच्या वर्षी काढ."

माझ्या वहीत तशी नोंद आहे: ८७ व ८८ वगळणे. पुढच्या वर्षी गडबड होती. त्याच्या पुढच्या वर्षीही होती.

मांडणी मोडायचं काम अक्का कुणाला करू देत नसत. तीन राजांचा सण झाला की त्या दार लावून घ्यायच्या, राजाराणीला आधी पायरीवर आडवं निजवायच्या, रुमालाचं पांघरूण घालायच्या आणि रात्रभर तसंच ठेवून सकाळी बाकीचं आवरायच्या. दसऱ्याला घरीही असंच करतात. मी घाई केली की म्हणायच्या, "निजवलं की मांडणी संपली. नाही निजवलं तर ती चालूच राहते, मग तू कितीही पेट्या भर."

एकसष्टच्या जूनमध्ये नव्या मदर आल्या. भल्या आणि टापटिपीच्या. माझं त्यांच्याशी चांगलं जमलं. त्यांनी परदेशातल्या आपल्या मठाकडून गव्हाणीचा मोठा संच मागवला होता, प्लॅस्टरचा, गुलाबी गालांचा. जहाजाला उशीर झाला आणि पेटी नाताळ उलटल्यावर पोहोचली. मदर म्हणाल्या, पुढच्या वर्षी हा मांडू. जुना संच दूरच्या एका खेड्यातल्या चर्चला देऊ, त्यांच्याकडे काहीच नाही, त्यांची गाडी शनिवारी येते आहे. विचार अगदी योग्य होता. अक्का त्या आठवड्यात तापानं घरी होत्या. त्यांना बरं वाटेपर्यंत ही दगदग कशाला, म्हणून मी सगळं स्वतःवर घेतलं. वही उघडली, गव्हाणीच्या सदरातले सगळे क्रमांक एका कागदावर उतरवले आणि कागद अंतोणीअण्णांच्या हातात दिला. त्यांनी क्रमांक पाहून वस्तू काढल्या, पेंढ्यात गुंडाळल्या, मी एकेकीपुढे खूण केली. तासाभरात काम संपलं. इतकं नीटनेटकं काम त्या शाळेत मी क्वचितच केलं असेल. गाडी गेली, मी घरी जाऊन कॉफी केली आणि कपबशी हातात असताना मला ८७ आणि ८८ आठवले.

रविवारी मी बसवनगुडीला गेले. अक्का खाटेवर बसल्या होत्या, केसांत पेन्सिल. मी वाटेत काय बोलायचं ते क्रमानं ठरवलं होतं. त्यातलं काही उपयोगी पडलं नाही. एका दमात सांगून टाकलं. त्या ऐकत राहिल्या आणि सगळं झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"निजवलंस का गं?"

मी म्हटलं, नाही. तशीच गुंडाळली.

"मग न निजताच गेली दोघं." त्यांनी पांघरुणाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "सरी, असू दे. कॉफी घेणार?"

त्या कधी रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मी खेड्यातल्या फादरना पत्र लिहिलं, चूक माझी म्हणून कळवलं आणि जोडी परत मागितली. महिन्यानं उत्तर आलं. फादरनी लिहिलं होतं की जोडी तुमचीच आहे, मागाल तेव्हा पाठवतो. पण सांगायला हवं की इथल्या बायकांना मरिया फार आवडली आहे. अशी आपल्यासारखी सावळी मरिया त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्या तिला पेटीत ठेवूच देत नाहीत. रोज फुलं आणतात, आणि परवा तर त्यांनी तिला बांगड्या घातल्या.

मी हे पत्र अक्कांना वाचून दाखवलं. "बांगड्या घातल्यात?" त्यांनी विचारलं. "कुठल्या रंगाच्या?"

मी पत्र पुन्हा पाहिलं. "हिरव्या, असं लिहिलंय."

अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "मग राहू देत तिथंच. आणू नकोस." आणि मग, "पण एकदा जाऊन निजवून ये गं, यादीबाई. एका रात्रीपुरतं. त्या बायकांना काय माहीत. उभीच असतील बिचारी दोघं. मला आता एवढा प्रवास झेपायचा नाही."

मी हो म्हटलं आणि त्यांच्यासमोर वहीत लिहिलं.

पुढच्या डिसेंबरात अक्कांनी प्लॅस्टरचा संच मांडला. पायऱ्या सातच. नाचणी नेहमीसारखी हिरवीगार. गुलाबी मरियेच्या पदराची एक चुणी त्यांनी दोनदा रंगवून दुरुस्त केली, इतक्या मनापासून. फक्त त्या वर्षी नवी बाहुली आली नाही, आणि मी विचारलं नाही. त्रेसष्टमध्ये त्या नोकरी सोडून म्हैसूरला बहिणीकडे गेल्या. दर जानेवारीत त्यांचं कार्ड यायचं. वर तब्येतीचं, मधे म्हैसूरच्या हवेचं, आणि शेवटी कोपऱ्यात पेन्सिलीनं: निजवलंस का? मी उत्तरात लिहायची, या सुट्टीत नक्की. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत कार्ड आलं नाही. फेब्रुवारीत त्यांच्या बहिणीचं आलं.

त्या खेड्याला दिवसातून एक बस जाते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. कधी परीक्षांचे पेपर होते, कधी घरात आजारपण, एकदा रस्ताच वाहून गेला होता. कारणं सगळी खरी आहेत. मी ती तारखेसकट लिहून ठेवली आहेत. यंदा मी फादरना पुन्हा पत्र लिहून विचारलं. जोडी आहे, त्यांनी कळवलं, आणि तिच्याभोवती आता बायकांनी वाटीत नाचणी पेरायला सुरुवात केली आहे. कुणी सांगितलं ते माहीत नाही. पेंढ्याबरोबर कोंब आलेली एखादी वाटी गेली असावी. तशी ती माझ्या कागदावर नव्हती.

दर जानेवारीत नवी वही काढते तेव्हा मागच्या वर्षीची राहिलेली कामं पहिल्या पानावर उतरवून घेते. यंदा तीनच राहिली होती. छपराची कौलं बदलली. दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. दोन्हींपुढे खूण केली आहे. त्यांच्या वर, पहिल्या ओळीत, सात वर्षांपासून त्याच शब्दांत लिहिलं आहे: ८७ व ८८, निजवणे.