घरीच आराम करा

साकोलीच्या प्रशिक्षणात आमच्या पतसंस्थेतली नवी कारकून माझ्या शेजारी बसली होती, सातव्या महिन्याची. गरोदर बाईला कामावरून काढता येत नाही, सव्वीस आठवडे पगारी रजा द्यावीच लागते, असं वकीलबाई सांगत होत्या आणि ही खुशाल जांभया देत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पहिल्या नोकरीत मी पदराआड पोट लपवलं होतं. दिसलं त्या दिवशी साहेब म्हणाले, "बाई, आता घरीच आराम करा." डबा उचलून मी निघाले.

दुपारी नाटुकलं करायचं ठरलं. मी साहेब, ती कर्मचारी. हातातला कागद न बघताच मी म्हटलं, "बाई, आता घरीच आराम करा."

टाळ्या पडल्या. ती हसून म्हणाली, "मॅडम, तुमी तं खऱ्याच साहेब वाटून राहिल्या होत्या!"

अभिनय कसला! तिनंही डबा उचलून निघावं, असं मला मनापासून वाटलं होतं.