डबा जमिनीवर

जाम गावच्या चौरस्त्यावरच्या पंपावर बंडूजी पेट्रोल भरतात आणि त्यांच्यासमोरच माझं हार्डवेअरचं दुकान आहे. इतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही. फवारणीच्या मशीनसाठी कोणी प्लास्टिकची बाटली घेऊन आलं, तर ते सरळ परत पाठवतात. पत्र्याचा डबा असला तरी आधी तो जमिनीवर ठेवायला लावतात, नोझल त्याच्या तोंडाला टेकवून सावकाश भरतात, वर थोडी जागा सोडतात आणि झाकण स्वतः आवळतात. माझाही डबा त्यांनी स्कूटरच्या पायदानावरून उतरवायला लावला होता. शेजारी म्हणून काही सूट नाही.

त्यांच्या मुलीची, रक्षाची, सोयरिक मीच जुळवली. मुलाचे वडील सदाशिवराव समुद्रपूरकडचे. शेती मोठी, मानपान त्याहून मोठा. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आदल्या दिवशी ते हिंगणघाटहून साड्या घेऊन पिकअपमधून परतत होते आणि नेमके बंडूजींच्या पंपावर थांबले. मागे ताडपत्री अंथरून घरच्या बाया बसलेल्या. मधोमध फवारणीच्या पेट्रोलचा रिकामा डबा. तो कलंडू नये म्हणून दोरीनं बांधला होता, वरून मुलाच्या आईनं, सुलोचनाबाईंनी, दोन्ही हातांनी धरला होता. आपल्याकडून काळजीत काही कसर नाही, अशीच सगळ्यांची समजूत.

बंडूजींनी हात जोडले, चहापाणी विचारलं आणि मग म्हणाले, बायांना जरा खाली उतरू द्या, डबा मी स्वतः उतरवतो. सदाशिवरावांचं म्हणणं, नळी पुरते आहे, तिथंच भरा. पेट्रोल पडताना वीज तयार होते, हे बंडूजींनी समजावून सांगितलं. डबा जमिनीवर असला की ती मातीत निघून जाते. ताडपत्रीवर असला की तिथंच साचते आणि नोझलपाशी ठिणगी उडू शकते. पण मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या, लोक बघत होते, आणि सदाशिवरावांचा पारा चढला होता.

"पोराच्या आईले तुम्ही भर पंपावर उतरवून राह्यले?"

"हो," बंडूजी म्हणाले. "गाडीतल्या डब्यात मी थेंबही टाकणार नाई."

पिकअप पेट्रोल न घेताच निघून गेली. मी दुकान तसंच टाकून धावलो आणि बंडूजींना नाही नाही ते बोललो. एक दिवस डोळेझाक केली असती तर काय बिघडलं असतं? ते पुढच्या गाडीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी बंडूजींच्या दारात मांडव सजला, स्वयंपाक झाला, रक्षा नटून बसली, आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. सदाशिवरावांचा फोन लागेना. बंडूजी सकाळपासून फाटकात उभेच. सोयरिक मोडली तर लोक मलाच धरणार हे होतंच, पण त्याहीपेक्षा त्या पोरीचं तोंड बघवत नव्हतं.

ऊन चांगलंच तापल्यावर पिकअप आली. आधी सुलोचनाबाई उतरल्या. वाटेत टायर फुटला, म्हणून उशीर झाला, एवढं सांगून त्या सरळ बंडूजींसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काल पुढच्या पंपावर मी आपल्या मनानंच उतरली. डबा खाली ठेवाले लावला, मंगच भरू देला. बंडूजी, तो डबा माह्या मांडीले टेकून होता. घरच्या कोणालेच ते दिसलं नाई. तुमाले दिसलं."

मुलाकडचे उभे असताना मुलीच्या बापानं बसायचं नसतं. बंडूजी तिथंच फाटकात मटकन खाली बसले आणि रडू लागले. माझ्या जिवात जीव आला खरा, पण आता हे पाहून सदाशिवराव काय म्हणतील, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली वाकले आणि त्यांनी बंडूजींना हात दिला.

"उठा, व्याही," ते म्हणाले. "रक्षा वाट पाहून राह्यली असन."